भगवानमामा आणि आमचा कनेक्टर

आमच्या धंद्यात किस्से कुणी गोळा करत नाही, ते लॉग फाइलसारखे आपोआप साठत जातात. फरक एवढाच, की लॉग कुणी वाचत नाही आणि किस्से चहाला पुरतात. न्हावऱ्याजवळच्या डेअरीचे तर माझ्याकडे संपता संपत नाहीत.

काम साधं होतं. गावोगावच्या केंद्रांवर रोज दूध मोजलं जातं, त्याची फाइल डेअरीत येते. ती हेड ऑफिसच्या सिस्टिममध्ये आपोआप जावी म्हणून मध्ये मिडलवेअर, म्हणजे दोन सिस्टिमना जोडणारं सॉफ्टवेअर, आणि त्यात आमचा कनेक्टर बसवायचा. तोवर हे सगळं डेअरीतले भगवानमामा हाताने टाइप करत. कनेक्टर पास झाला की मामांचं टेबल जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही.

*

पहिल्या दिवशी मी बोर्डावर चौकोन काढून मामांना समजावलं. इकडून डेटा उचलायचा, तिकडच्या साच्यात बसवायचा, पुढं पाठवायचा.

मामा म्हणाले, "म्हंजी मी करतो त्येच की. अडलं तर इचारा, पाव्हणं."

मी मनातल्या मनात हसलो. पुढचा महिनाभर त्यांनाच विचारत होतो!

*

दुधासाठी हेड ऑफिसकडे दोनच कोड: एक म्हणजे गाय, दोन म्हणजे म्हैस. केंद्रांच्या फाइलमध्ये मात्र मधूनच तीन यायचा आणि कनेक्टर ती नोंद परत फेकायचा. आम्ही सगळी डॉक्युमेंटं पालथी घातली.

"तीन म्हंजी मिक्स," मामा म्हणाले. "गाय आन् म्हैस एकाच किटलीत."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिवायचं काय त्यात? घरात दोन्ही जनावरं हायती."

हेड ऑफिसनं मुकाट्यानं तिसरा कोड उघडला.

*

माझी सहकारी श्वेता हुशारीत माझ्या दोन पावलं पुढं. तिनं कनेक्टर सकाळी ठीक नऊला फाइल उचलेल असा लावला. एका गावची फाइल रोज गायब. दोन दिवस तिनं नेटवर्क तपासलं, राउटरही बदलला.

शेवटी मामा म्हणाले, "तिथलं सेक्रेटरी एसटीनं येत्यात. एसटीला उशीर, तर फाइलीला उशीर."

श्वेतानं नऊची वेळच काढून टाकली. आता फाइल आली की कनेक्टर चालू होतो. त्या ट्रिगरचं नाव तिनं 'एसटी' ठेवलंय आणि ते आजही तसंच आहे.

*

शेवटची टेस्ट. हेड ऑफिसचे साहेब सही करायला आलेले. पाठवलेल्या नोंदी चारशे बारा, पोहोचलेल्या चारशे बारा. स्क्रीन हिरवीगार. साहेबांनी पेन काढलं.

मामांनी पोहोचलेल्या नावांवरून एकदा नजर फिरवली. "झुंबरबाई न्हाईत."

"मामा, आकडा जुळलाय," मी म्हणालो.

"जुळला आसंल. पर त्या न्हाईत. त्यांची म्हैस आटली न्हाई, रोज दूध घालत्यात."

श्वेतानं खोदून बघितलं. दुसऱ्या कुणाची तरी नोंद दोनदा गेली होती आणि झुंबरबाईंची वाटेतच गळाली होती. चारशे नावांत हे दिसलं कसं, मी विचारलं.

"आमचा आज्जा मेंढरं राखायचा. त्यानं कवा मोजली न्हाईत. कळप आला की कोण न्हाई, तेवढं बघायचा."

इतकी वर्षं मी टेस्टिंग करतोय, पण असा माणूस पाहिला नव्हता.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. "मामा, गप्प बसायचं ना. आठ दिवसांत तक्रारी येऊन हे सगळं गुंडाळावं लागलं असतं. टेबल तुमचंच राहिलं असतं."

"आन् झुंबरबाईंचं आठ दिवसांचं दूध?" म्हणत मामा उठले आणि आपली खुर्ची त्यांनी श्वेताकडं सरकवली. "बसा मॅडम. करा दुरुस्त."