काठोकाठ तेल

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील तमाम सुज्ञ नागरिकांस, तसेच आमच्या खानदानातील हयात व दिवंगत सर्व मंडळींस जाहीर करण्यात येते की, प्रस्तुत लेखक भित्रा आहे. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीत करत आहे. मला पालीची भीती वाटते, शिडीची वाटते, दातांच्या डॉक्टरांकडच्या बाकड्याचीसुद्धा वाटते. पण या सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी, एक जीप बसलेली आहे.

जीप माझ्या आतोबांची, म्हणजे आत्याच्या नवऱ्याची. त्यांना ती त्यांच्या मोठ्या भावाकडून मिळालेली. डिझेलवर चालणारी, चारही चाकांनी जोर लावणारी, आणि आवाज असा की समोरून येणारी बैलं आपणहून वावरात उतरत. आतोबा धारणीकडे रस्त्याची कामं घ्यायचे. शाळेला सुट्टी लागली की मला बरोबर न्यायचे आणि मेळघाटाच्या वळणावर स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी निवांत तंबाखू चोळायचे. मी डोळे मिटले की विचारायचे, "भेतं काय बे?" घरात त्यांच्या धाडसाच्या कथा चालत. एकदा म्हणे रस्त्यात अस्वल आडवं आलं, तर हे खाली उतरून त्याला शिव्या देऊन आले. अस्वलाची बाजू कुणी कधी ऐकून घेतली नाही.

आतोबा गेले आणि जीप अकोल्याला आत्याच्या घरामागे टिनाच्या शेडखाली उभी राहिली. चाकं बसली, रंग उडाला. आत्याचा मुलगा पुण्याहून म्हणायला लागला की भंगारात देऊन टाकू. तेव्हा आत्यानं मला फोन केला.

"बाबू, जीप तुले देऊन राहिली मी. चालू कर. गुडघे पुरते जायच्या आधी मले एकदा बाळापूरच्या वावरात जायचं हाय. येष्टीनं नाई, तुया त्या डब्या गाडीनं नाई. हिच्यात बसून."

"आत्या, अगं पण ती..."

"भेतं काय?"

"छे!" मी म्हणालो. माणूस खोटं बोलतो ते बहुधा अशाच वेळी.

जीप टेम्पोवर लादून अमरावतीला आणली आणि राजापेठेत माझ्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उतरवली. मेकॅनिक जवळचाच होता. हात चालायचे त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. पहिल्याच दिवशी त्यानं ड्रायव्हरची सीट उपसली आणि आतून एक लांबच लांब सापाची कात काढून माझ्यापुढे धरली.

"साप गेला भाऊ. कात ठेवून गेला."

"कुठं गेला?"

"ते काई त्यानं सांगितलं नाई."

त्या दिवसापासून मी जीपमध्ये पाय वर घेऊन बसू लागलो. मेकॅनिक खाली झोपून काम करायचा आणि मी वर मांडी घालून त्याला धीर द्यायचो. टाकीतून डांबरासारखा गाळ निघाला. नोझल बदलले, डिझेल पंप उघडून साफ झाला, क्लचची प्लेट नवी पडली. प्रत्येक नव्या भागागणिक मला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची, कारण जीप बंद होती तोवर ती माझं काही वाकडं करू शकत नव्हती. ब्रेक तेवढे राहिले. त्यांचं सामान नागपूरहून यायचं होतं. मी म्हणालो, ब्रेक होऊ द्या, मग सुरू करू. पण मेकॅनिकनं फोनवर आत्याला सांगून टाकलं की इंजिन तयार आहे, आणि आत्या दुसऱ्याच सकाळी अकोल्याहून आली. सोबत पाटोड्यांचा डबा.

चाकांपुढे विटा लावल्या. बायकोनं आरतीचं ताट केलं. मेकॅनिक बॉनेट उघडून एका टिनाच्या भांड्यात तेल ओतत होता.

"हे काय करून राहिला?" आत्यानं विचारलं.

"एअर क्लीनर हाय हा, आत्याबाई. इंजिन याच्यातून हवा ओढते. तेलात धूळ चिकटते, हवा साफ होऊन आत जाते."

"मंग एवढंसंच तेल?"

"खुणेपर्यंतच टाका लागते."

"खुणेपर्यंत!" आत्या कडाडली. "पाव्हण्याले वाढून राहिला का मोजून? किती वर्साची उपाशी हाय ते. टाक अजून."

"आत्याबाई, जास्ती झालं तर..."

"टाक म्हटलं ना!"

आता या माणसाची अडचण बघा. त्याच्या ताटलीत आत्यानं न विचारता आणखी पाटोड्या टाकल्या होत्या. त्यानं नको नको म्हणत हात आडवा धरला होता, तर तिनं हाताच्या वरून वाढल्या होत्या. स्वतःच्या ताटलीवर ज्याचा हात पुरला नाही, तो जीपच्या भांड्यावर काय पुरणार? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. भांडं काठोकाठ भरलं.

मग आत्या म्हणाली, "मी आधी बसन, मंगच चाबी फिरव." बायकोनं आणि मी मिळून तिला चढवलं. जीप उंच, आत्याचे दोन्ही गुडघे कामातून जायला आलेले, म्हणून खाली देवघरातला लाकडी पाट ठेवला. त्यावर एक पाय, माझ्या खांद्यावर एक हात, आणि सगळं वजन माझ्या मानेवर. बसली एकदाची. पुढची दांडी धरून, पदर नीट करून, समोर बघत. गल्लीच्या तोंडाशी ट्यूशनच्या पोरी स्कूटी थांबवून मोबाईल काढून उभ्या. नारळ फुटला. मी शेजारी बसलो, पाय वर घेतले, मग नाइलाजानं खाली सोडले आणि किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आणि लागलं! तो जुना, वावरात बैलं उतरवणारा आवाज! पोरींनी टाळ्या वाजवल्या, आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला.

आवाज कमी झाला नाही. वाढला.

मी पाय बघितला. तो वरच होता. इंजिन चढत चाललं होतं, आपल्या आपण. मागून पांढरा धूर आला, मग निळा, मग सगळा प्लॉट दिसेनासा झाला. मी किल्ली उलटी फिरवली, इंजिन बंद करायची तार ओढली. या जीपचं डिझेल तिनंच तुटतं. तार पूर्ण बाहेर आली, आणि इंजिन आणखी जोरात ओरडायला लागलं. डिझेल बंद, किल्ली बंद, आणि इंजिन चालू. माझ्या पाठीतून जे गेलं ते मी मेळघाटातसुद्धा कधी अनुभवलं नव्हतं. जीप हवेबरोबर भांड्यातलं तेल पीत होती, डिझेलच्या जागी तेच जाळत होती. एवढ्या प्रेमानं वाढलेलं सगळं तेल.

"फुटते आता! पळा!" मेकॅनिक ओरडला आणि आपला सल्ला आपणच पहिला मानून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेला. स्कूट्या पळाल्या. बायको आरतीच्या ताटासकट ओट्यावर चढली आणि तिथून माझ्या नावानं हाका मारायला लागली. मीही उडी मारली. हो, मारली. जमिनीवर पडलो, उठलो, दोन ढांगा पळालोसुद्धा. मग आत्या आठवली.

धुरात ती पुतळ्यासारखी बसली होती. दांडी घट्ट धरलेली, ओठ हलताहेत, आवाज ऐकू येत नाही. तिला उतरवायला दोन माणसं आणि निवांत वेळ लागायचा. गिअरमध्ये टाकून इंजिन बंद पाडावं, तर ब्रेक नाहीत आणि समोर भिंत. बॉनेटचा पत्रा थडथडत होता, एक वीट चाकापुढून सरकत चालली होती.

"हवा बंद करा भाऊ!" भिंतीपलीकडून आवाज आला. "पाईप काढा, हवा बंद करा!"

"तू ये ना!"

"मी इथूनच सांगून राहिलो ना!"

मी बॉनेटपाशी गेलो. गेलो म्हणजे काय, पाय जिकडे पडले तिकडे गेलो. भांड्यापासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप दोन्ही हातांनी धरून ओढला. तो निघाला, गरम तेल अंगावर उडालं, आणि इंजिनाचं उघडं तोंड माझ्यासमोर हवा ओढत फुत्कारायला लागलं. हात ठेवावा तर हात जाईल. फडकं ठेवावं तर फडकं आत. काय करू, काय करू, म्हणत खाली बघितलं तर आत्याला चढवायला ठेवलेला पाट. मी तो उचलला, डोळे मिटले आणि त्या तोंडावर दाबला.

जीपनं पाट हातातून ओढून घट्ट धरला. इंजिनानं एक आचका दिला, दुसरा दिला, सगळी गाडी हादरली, आणि एकदम शांत झालं.

इतकं शांत, की ओट्यावर आरतीच्या ताटातली घंटी आडवी पडलेली ऐकू आली.

मी डोळे उघडले. पाट अजून दाबूनच धरला होता, सोडायची छाती होत नव्हती. धूर हळूहळू वर गेला आणि आत्या दिसली. तोंड काजळीनं काळं, त्यात डोळे तेवढे पांढरे, दांडीवरची बोटं अजून तशीच आवळलेली. "आत्या," मी म्हणालो, "आत्या, बरी आहेस ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या प्लॉटकडे, भिंतीवरून वर येणाऱ्या मेकॅनिकच्या डोक्याकडे, ओट्यावरच्या माझ्या बायकोकडे. पुन्हा माझ्याकडे. आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

"बाबू, तुये आतोबा असते ना, तर मले इथंच टाकून सगळ्यात आधी तेच पळाले असते!"