बोटाखालचा रंग

मुलगा डोंबिवलीत जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ठाण्याला हलवावं लागलं. त्याच्या रक्तात जंतूंचा संसर्ग पसरला होता आणि अशा बाळांची सोय आमच्या प्रसूतिगृहात नव्हती. बायको पोटाच्या टाक्यांमुळे तिथेच राहिली. मी वर्तकनगरला दादा-वहिनींकडे मुक्काम टाकला आणि दिवसभर दवाखान्यात काचेपाशी उभा राहू लागलो.

आत त्याच्या डोक्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी होती, तीत ऑक्सिजन सोडलेला. पायाला बारीकशी सुई आणि तिच्यातून सलाइन.

आमच्याकडे सलाइनवर मोठा विश्वास. जरा अशक्तपणा वाटला की माणसं आपण होऊन डॉक्टरला सांगत, एक बाटली चढवा. वहिनी माझा डबा घेऊन आल्या त्या थेट नर्सलाच म्हणाल्या,

"अहो सिस्टर, किती हळू सोडलंय हे! आमच्या मोठ्याला ताप आलेला, तेव्हा बघता बघता अख्खी बाटली गेली. संध्याकाळी पोरगा क्रिकेट खेळायला पळाला."

"केवढा आहे तुमचा मोठा?"

"नववीत आहे."

"मग? हे बाळ आहे, ताई. गच्चीवरची टाकी नाही, नळ सोडला की भरली."

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही बोला ना डॉक्टरांशी. तुम्ही शिकलेले."

मी बोललो. डॉक्टर रागावले नाहीत. मला आत नेऊन त्यांनी बाळाच्या छातीवर मधोमध बोट दाबलं आणि उचललं. तिथे पांढरा ठसा उमटला. तो भरून येईचना.

"रक्त इथपर्यंत नीट पोचत नाहीये," ते म्हणाले. "रक्त पोचत नाही तिथे ऑक्सिजनही पोचत नाही. सकाळी थोडं सलाइन भरभर दिलं, तेव्हा ठसा लवकर भरला होता."

"मग अजून एकदा द्या."

"दिलं. त्यानं उलट धाप वाढली. हृदय थकलंय त्याचं. आता जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरेल. मग पेटीत कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो रक्तात जाणार नाही. हृदयाला जोर यावा म्हणून औषध चालू केलंय. बघू."

मी पुस्तकांत रमणारा माणूस. एखादी गोष्ट समजली की धीर येतो, असा माझा तोवरचा अनुभव होता. ही गोष्ट मला पूर्ण समजली आणि मी पुन्हा काचेपाशी जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी डोंबिवलीला गेलो. "दूध घेतो का?" बायकोनं विचारलं.

"सलाइनवर आहे."

"मग बरंय. ताकद येईल अंगात," ती म्हणाली आणि पुढ्यातलं ताट संपवलं.

दोन दिवसांनी, दुपारी, तो गेला. एवढ्या लहानांना अग्नी देत नाहीत; दादा आणि मी त्याला पुरून आलो. टाके निघेपर्यंत तिला सांगू नका, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी खोलीच्या दारात उभा राहिलो आणि तिला कळलं.

पुष्कळ वेळानं ती म्हणाली, "अहो, रंग कसा होता त्याचा? मला नीट बघायलाच मिळालं नाही."

इतके दिवस मी दुसरं काय बघत होतो? कधी ओठ निळसर, कधी तळपाय राखेसारखे, एका सकाळी थोडा वेळ गुलाबी. त्यांतला त्याचा स्वतःचा रंग कोणता, ते मला सांगता येईना.