निळ्या तलावाचा गाळ

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात तलाव आटला की पातूरकडचे माळी पाळीखालचा, म्हणजे तलावाच्या बांधालगतचा, लोण्यासारखा मऊ गाळ मळ्यात नेत, आणि पहिली पाटी घरच्या नव्या सुनेनं मिरचीच्या रोपांत ओतायची. त्या वर्षी तो मान दुर्गाबाईचा होता, आणि पठ्ठीनं पाटीला हातच लावला नाही.

"काहून वं?" सासू गोदाबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, निळं त्या गाळातच हाये."

निळं म्हणजे मोरचूद. गेल्या पावसाळ्यात पानमळ्याकडे निघालेली मोरचुदाची गाडी तलावात उतरणाऱ्या नाल्यात उलटली. तलाव निळसर झाला, मासे उताणे तरंगले. पुढं पाणी निवळलं आणि लोक विसरून गेले. दुर्गाबाईनं मात्र तेव्हाच त्या गढूळ पाण्याचं मडकं भरून ठेवलं होतं. सकाळी पाहते तर वर पाणी नितळ, आणि तळाला निळसर चिखल! बाई नाचायचीच बाकी राहिली. तिनं परात तिरपी धरून मातीचं पाणी ओतलं. रेती वरच अडली, बारीक माती उताराला जाऊन बसली. म्हणजे नाल्याच्या तोंडाशी जाड रेती, आणि बारीक चिखल मोरचूद पोटाशी धरून थेट पाळीखाली! तिला कधी एकदा सांगते असं झालं होतं, पण नव्या सुनेचं ऐकतो कोण?

पाटी नाकारणं म्हणजे अपशकुन. तिला माहेरी धाडायची भाषा सुरू झाली.

"मेथी पेरून पाहा," ती म्हणाली. "तवरोक गाड्या थांबवा. खोटी ठरली तं मी आपल्या पायानं माहेरी जातो."

एका मडक्यात पाळीखालचा गाळ, दुसऱ्यात नाल्याच्या तोंडचा. दोन्हींत मेथी पेरली. आणि आधी कोंब फुटले ते पाळीखालच्या गाळात! गोदाबाईंनी सुनेची पेटी भरायला घेतली. दुर्गाबाईच्या तोंडचं पाणी पळालं, तरी ती मडक्यापाशीच बसून राहिली.

मग ते कोंब पिवळे पडले आणि माना टाकू लागले. नाल्याकडची मेथी मात्र हिरवीगार वर आली. गोदाबाईंनी एक पिवळा कोंब उपटला. मूळ खुंटलेलं, काळं पडलेलं. त्या बराच वेळ ते बोटांत फिरवत राहिल्या. हाच गाळ साऱ्या मळ्यात पडणार होता.

"बैल नाल्याकडं घ्या," त्यांनी गाडीवाल्याला सांगितलं. मग आत जाऊन भरलेल्या पेटीतलं नवं लुगडं काढून सुनेच्या हातात दिलं.

"हे नेस. पयली पाटी जुन्या लुगड्यात नाई ओतत."