मशीन म्हणालं, हाय!

सांगते, पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना माझ्या एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता.

आणि माझा व्यवसायही आधीच सांगून टाकते, म्हणजे मूर्खपणाची खोली नीट कळेल. मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो! आकडा विचित्र दिसला तर घाबरू नका, आधी तो आला कुठून ते बघा, असं मी नव्या पोरापोरींना शिकवते. शिकवते हं मी!

तर झालं असं, की गरोदरपणात मला शुगर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते, काहींची राहते. सहा आठवड्यांनी मोठी तपासणी करू, तोवर घरी मशीनवर बघत राहा."

'बहुतेकींची' मला ऐकूच आलं नाही. 'काहींची' म्हटलं की मला वाटतं, माझंच नाव घेतलं! माझ्या वडिलांना शुगर. त्यांची रोजची सुई बघत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे मांडीवर लेक झोपलेली असायची, आणि माझ्या डोक्यात एकच भुंगा: आपली गेली, की राहिली?

आता आमच्या सासूबाईंबद्दल सांगते. घर अंबरपेठेत. सासूबाईंच्या माहेरची शेती मराठवाड्याकडची, पण लग्नानंतरचा त्यांचा सगळा जन्म हैदराबादेत गेला. 'हौ' म्हटल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही आणि 'नक्को' म्हटल्याशिवाय संपत नाही. बाळंतिणीचं खाणं म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळा गुळाचा कारभार. या बाईंनी काय करावं? गूळच घराबाहेर काढला! बेगम बाजारात जाऊन डिंक, खोबरं, मेथ्या घेऊन आल्या आणि डिंक तुपात फुलवून त्याचा चक्क तिखटमिठाचा चिवडा केला. वर मिरपूड. काय लागतो म्हणून सांगू!

"आई, हे कुणाकडून शिकलात?"

"कुणाकडून शिकते? बिनगुळाचे लाडू वळून बघितले, माय, दगडच झाले. मग कुटले आन् मीठ टाकलं."

अळीवसुद्धा ताकात आले. पोटभर जेवण, दूध भरपूर, आणि गोडाचा कण नाही. अहो, एखाद्या आहारतज्ज्ञाने ऑफिस थाटलं असतं एवढ्यावर!

सुरुवातीला आकडेही शहाण्यासारखे येत होते. उपाशीपोटी नव्वदच्या आसपास, नाश्त्यानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत. मग आंबे सुरू झाले. मी खात नव्हते, शपथेवर सांगते! पण रोज सकाळी सासूबाई लेकीला न्हाऊ घालायच्या, तेव्हा त्यांच्यासाठी आणि सुहाससाठी (सुहास म्हणजे माझा नवरा) आमरस मी काढायचे. घरात मिक्सर आहे, पण सासूबाईंच्या मते मिक्सरचा रस म्हणजे आंब्याचा अपमान. मग मी पातेलं घेऊन बसायचे आणि एकेक रसाल, म्हणजे इकडचा रसाचा आंबा, पिळायचे. हात आंब्यात, मन वैराग्यात! स्वतःचंच कौतुक वाटायचं.

अशाच एका सकाळी पातेलं बाजूला ठेवलं, हात पुसले, बोट टोचलं, आणि मशीनने आकडा दाखवला: दोनशे एकाहत्तर.

माझ्या पायाखालची फरशीच गेली. दुसऱ्या दिवशी? दोनशे पंचावन्न! सकाळी उठल्यावर बघावं तर एकदम सभ्य, आणि नाश्त्यानंतर बघावं तर आभाळाला टेकलेला.

शहाणी बाई काय करेल? डॉक्टरला फोन करेल. मी काय केलं? मी चोर शोधायला निघाले!

नाश्ता कोण करतं? सासूबाई. मी बारीक झालेय म्हणून हळहळतं कोण? सासूबाई. म्हणजे भाजीत गुपचूप गूळ कोण टाकत असणार? बघा, केवढी हुशार मी!

"आई, कालच्या मेथीच्या भाजीत थोडा... गूळ होता का?"

"गूळ?" त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "माय माय माय! घरात गूळ ठेवलाच कुठं मी?"

"ती भाजी एवढी कडू होती," आतून सुहास ओरडला, "की मला वाटलं, आई माझ्यावर रागावली!"

तरी माझं समाधान नाही. दुपारी सासूबाई लेकीला घेऊन लवंडल्या, आणि मी स्टुलावर चढून फडताळाची झडती घेतली. वरच्या कप्प्यात, एका डब्यात, पिशवीत पिशवी, तिच्या आत कागद, आणि कागदात... पिवळट तांबूस खडा! सापडला ना? एवढं गुंडाळून कोण ठेवतं हो प्रामाणिक वस्तू?

त्यात मला भयंकर सर्दी झालेली. नाक ठार बंद. पुरावा पक्का करावा म्हणून मी खड्याचा चांगला तुकडा तोडला आणि तोंडात टाकला.

हिंग!

अहो, चिमूटभर हिंगाने अख्खी आमटी दरवळते. इथे दाढेखाली खडा! डोळ्यांतून पाणी, बंद नाक एका क्षणात मोकळं, आणि दारात सासूबाई उभ्या.

"हिंग कामून खायली गं?"

काय सांगणार? "पोट... पोट दुखतंय."

"आन् मला सांगायचं नाही? स्टुलावर चढलीस, टाके अजून कच्चे!" मला हाताला धरून त्यांनी पलंगावर नेलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून न दुखणारं माझं पोट तासभर शेकलं. वर म्हणतात, "तुझ्या आईपाशी असतीस तर सांगितलं असतंस. मी काय परकी आहे का?"

शेकाने नाही, पण शरमेने मात्र मी चांगली भाजून निघाले. आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. आकडे, संशय, झडती, सगळं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ओव्याची पुरचुंडी त्यांनी पुन्हा तव्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "हौ, समजलं. उद्या रविवार. उद्या तुझ्याच ताटात जेवते मी. तू घास घे, मी घास घेते. मग तुला टोच, मला पण टोच. माझ्या हातात काही दोष असंल तर माझ्या पण रक्तात निघंल ना?"

आता यातलं शौर्य तुम्हाला कळायचं नाही. या बाईंना सुईची एवढी भीती, की लहानपणी लस टोचणारा आला म्हणून ज्वारीच्या कणगीत लपल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सापडल्या नव्हत्या म्हणे!

रविवारी एका ताटात भाकरी आणि शेपूची भाजी झाली. मग त्या लेकीची अंघोळ उरकायला गेल्या, मी आंब्यांकडे वळले. दोन तासांनी आम्ही मशीनपुढे बसलो. नवी सुई लावली. सासूबाईंनी एक हात सुहासच्या हातात दिला, डोळे गच्च मिटले, आणि न्हाणीघरातल्या पाण्याने सुरकुतलेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"झालं का?"

"अजून टोचलंच नाही, आई."

"मग टोच की लवकर! कायकू सतावती?"

आला आकडा. एकशे नऊ.

मग माझं बोट. दोनशे चौऱ्याहत्तर.

एकच ताट, तीच भाकरी. म्हणजे चोर मीच. माझंच रक्त. शुगर राहिलीच. मी लेकीकडे बघितलं आणि बांध फुटला.

"ए, रडू नक्को." सासूबाईंनी मला जवळ ओढलं. "राहिली तर राहिली. आपण दोघी मिळून सांभाळू. तू खाशील तेच मी खाईन जन्मभर. तसंही साखर खाऊन माझे गुडघे काय नाचायलेत?"

सांगा, अशा बाईवर मी गुळाचा आळ घेतला होता!

घरात सुतक पडल्यासारखं झालं. निम्मे आंबे तसेच पडलेले. सुहासला रडारड सोसत नाही, तो मुकाट्याने पातेल्याशी बसला आणि उरलेले पिळू लागला. कोपरापर्यंत रस. थोड्या वेळाने मला हसवावं म्हणून उठून आला, शर्टाला हात पुसला आणि बोट पुढे केलं. "माझी पण बघ गं. सगळ्यांची झाली, मीच राहिलोय. आपल्या खानदानाला कळू दे काय ते."

टोचलं. मशीनवर आकडाच नाही! नुसती दोन इंग्रजी अक्षरं. एच आणि आय.

"हाय!" सुहास खुश. "बघ, मला हाय म्हणतंय! तुला महिनाभरात एकदा तरी म्हणालं?"

"मशीन पण बाप्या माणसाचंच ऐकतं," सासूबाई म्हणाल्या.

मी मात्र खोक्यातली माहितीपत्रिका उघडली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'साखर मशीनच्या मोजमापाच्या पलीकडे. तातडीने डॉक्टरांकडे जा.'

सुहासचं हसू तिथल्या तिथे विरलं. "मला... मला तहान लागलीय," तो म्हणाला.

अहो, मे महिना, दुपारचे बारा, हैदराबाद! कुणाला नाही लागायची तहान? पण मी किंचाळले, "तहान! लक्षण आहे ते!"

"आन् मला नीट दिसत पण नाही."

"माय! डोळ्यावर आली!" सासूबाई. त्याचा चष्मा आंब्यांच्या साली पडलेल्या ताटाशेजारी राहिलाय, हे कुणाच्या ध्यानात?

पातेलं तिथेच, साली तिथेच. लेकीला गुंडाळलं आणि समोरच्या रिक्षात कोंबलो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "क्या हुआ अम्मा? बच्ची कू कुछ हुआ क्या?"

"बच्ची अच्छी है, बेटा," सासूबाई गदगदून म्हणाल्या. "बच्ची का बाप हाय हो गया!"

दवाखान्यात मी कसलेल्या वकिलासारखी उभी. पेशंटला तोंड उघडू दिलं नाही. तहान, नजर, माझे आकडे, वडिलांची शुगर, सगळं एका दमात. ड्यूटीवरचे डॉक्टर वयस्क होते, शांत. त्यांनी नर्सला खूण केली. तिने सुहासचा हात धरला, तो तिच्याच हाताला चिकटला. तिने बोट साबणाने धुतलं, कोरडं केलं, टोचलं.

शहाण्णव.

"परत बघा," मी म्हणाले. "तुमचं मशीन बिघडलंय."

हो! असं म्हणाले मी!

डॉक्टरांनी सुहासचा दुसरा, न धुतलेला हात उचलला आणि नाकाशी नेला. एकदा हुंगला. डोळे मिटून पुन्हा हुंगला. "रसाल?"

"जी," सुहास म्हणाला.

"टोचने के पैले आम निचोड रहे थे?"

"जी."

"और आप, अम्मा?" ते माझ्याकडे वळले. " आप भी रोज टेस्ट के पैले...?"

मी माझ्या बोटांकडे बघितलं. मान तेवढी हलली.

"तो घबराने का नै," ते म्हणाले. "शुगर आपकू नै है, आम कू है."

सुहास खुर्चीतून घसरायचा बाकी होता. नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. डॉक्टरांनी समजावलं: बोटावर फळाचा रस जरी राहिला तरी मशीन तो रक्तातच धरतं. पुसून भागत नाही, साबणाने हात धुवायचे. मग माझ्याही एका बोटाला तिथेच साबण लावला, टोचलं. एकशे अकरा!

तरी मी शरण जाईन? बचाव हवाच ना माणसाला! मी म्हटलं, "पण हात धुणार कसे? बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचा नाही, असं आईंनीच सांगितलंय!" खरं सांगू? त्यांचा प्रत्येक नियम मी मोडला होता. कानाला रुमाल बांधला नाही, फोन सोडला नाही. एवढा एकच पाळला, कारण त्यात उठायचा कंटाळा वाचत होता.

सासूबाईंनी लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "हौ, गार पाणी म्हणले मी," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात आपल्या टाकीला गार पाणी येतं कुठलं, बाई? काल त्या नळाखाली नुसती अंडी उकडायची बाकी राहिली!"

डॉक्टर खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. त्यांचे खांदे हलत होते.

मोठ्या तपासणीचा निकाल आत्ताच सांगून टाकते, उगाच तुमच्या जिवाला घोर नको. नॉर्मल! शुगर गेली. दर वर्षी बघत राहायचं, एवढंच. रिपोर्ट वाचून मी लेकीचे एवढे मुके घेतले की ती रडायला लागली, आणि सासूबाईंनी माझ्या पुढ्यात पहिली आमरसाची वाटी ठेवली, अर्धीच भरलेली. "जास्ती नक्को," म्हणाल्या.

पण त्या तपासणीच्या दिवशीची गंमत राहिलीच. त्या दिवशी मी कुठलीही चूक होऊ देणार नव्हते. घरून साबणाची नवी वडी नेली होती. लॅबच्या बेसिनशी उभी राहून दोन्ही हात घासले, बोटांच्या बेचक्या घासल्या, नखांखालून ब्रश फिरवला. मागे रांग लागली होती, लागू दे! मग कशाला म्हणून स्पर्श न करता, दहाही बोटं हवेत उभी धरून, ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखी आत गेले. दारसुद्धा खांद्याने ढकललं.

"घ्या," मी ती दहा बोटं रक्त घेणाऱ्या मुलीपुढे केली. "हवं ते बोट घ्या."

ती माझ्या बोटांकडे बघतच राहिली.

"बाही वर करा मॅडम," ती म्हणाली. "रक्त दंडातनं घ्यायचंय."