शाळेच्या पेटीतला कोट

“कमिटीपुढे उमेदवार कोट घालूनच येईल. का, ते विचारायचं नाही.”

मी बी.ए. होऊन जव्हारला परत आले, तेव्हा काकांनी सगळ्यांत आधी मला हा नियम सांगितला. काका संस्थानच्या स्कॉलरशिप कमिटीवर होते. मॅट्रिक झालेल्या गरीब मुलांना पुण्या-मुंबईच्या कॉलेजात पाठवायचं, हे कमिटीचं काम. कॉलेजांना इंग्रजी पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला दाराजवळची खुर्ची, दौत आणि टाक मिळाला. बोलायची परवानगी तेवढी मिळाली नाही!

तीन वर्षं त्या खुर्चीवर काढली. अर्जांच्या गठ्ठ्याला निदान दोरी बांधता येते. किस्से मात्र साचतच जातात आणि मैत्रिणी जमल्या की एकेक सुटून बाहेर पडतो.

*

आता गरीब मुलाने कोट आणायचा कुठून? हा प्रश्न कमिटीला कधी पडला नाही. तो आमच्या हेडमास्तरांना पडला.

शाळेत नाटकाच्या सामानाची एक पेटी होती. लाकडी तलवारी, दाढ्या, एक मुकुट आणि तळाशी एक काळा कोट. कुणा मोठ्या माणसाने जुना झाला म्हणून शाळेला दिलेला. गॅदरिंगमध्ये तो दुष्ट सावकाराच्या अंगावर असायचा. हेडमास्तर दरवर्षी तो उन्हात घालत, झटकत आणि उमेदवाराच्या अंगावर चढवत.

दुसऱ्या वर्षी कमिटीचे अध्यक्ष रावसाहेब एका मुलाकडे बराच वेळ बघत राहिले.

“तू ओळखीचा वाटतोस रे. मागच्या वर्षी येऊन गेलास का?”

मुलगा घाबरून म्हणाला, “नाही साहेब. मागच्या वर्षी आत गोविंदा होता.”

“आत म्हणजे?”

काका मोठ्याने खोकले आणि पुढचा अर्ज निघाला. काकांचा खोकला कमिटीच्या फार उपयोगाचा! अडचण आली की तो यायचा.

*

एकदा एकाच दिवशी दोन उमेदवार आले. पहिला बुटका, दुसरा ताडमाड. पहिला बाहेर पडला, मागच्या बाजूला गेला, कोट उतरवला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. मला खिडकीतून सगळं दिसत होतं.

दुसरा आत आला तेव्हा बाह्या कोपरापर्यंत आणि एकही बटण लागलेलं नव्हतं. खिशातून पहिल्याची अर्धी नागलीची भाकरी डोकावत होती.

रावसाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि कौतुकाने मान हलवली.

“काय झपाट्याने वाढतात ही मुलं! डोंगरची हवा, दुसरं काय?”

*

मोखाड्याकडचा एक मुलगा आमच्या शाळेतून पास झाला. आत आला. कोट घातलेला होता, मार्क उत्तम होते. रावसाहेबांनी गाव विचारलं आणि अर्ज मिटला.

“मोखाडा इंग्रजी मुलखात. तुला राजांनी का शिकवावं? सरकारकडे जा.”

तो सरकारकडे गेला. तिथल्या साहेबाने शाळेचा दाखला पाहिला. “शाळा जव्हारची. संस्थानी विद्यार्थ्याला सरकारने का शिकवावं? राजांकडे जा.”

तो परत आला तेव्हा त्या वर्षीची शेवटची मीटिंग संपत आली होती. मी विचारलं, “आता याने कुठे जायचं?”

रावसाहेब म्हणाले, “घरी!”

*

मुलाखतीत रावसाहेबांचा एक प्रश्न ठरलेला असे. “तू कॉलेजात गेलास, तर शेती कोण करणार?”

रावसाहेबांची स्वतःची शेती सगळ्या संस्थानात मोठी. त्यांचे चिरंजीव मुंबईत इंटरला तिसऱ्यांदा बसले होते. एके दिवशी मला राहवलं नाही.

“रावसाहेब, चिरंजीव मुंबईला निघाले तेव्हा त्यांनाही हेच विचारलं होतंत का?”

काकांना इतका खोकला आला की पाणी आणावं लागलं.

घरी जेवताना त्यांनी ताट सरकवलं. “इंदू, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, हे कॉलेजात शिकवलं नाही का तुला?”

“मग कॉलेजात कशाला पाठवलंत?”

“चुकलंच ते!”

*

आणि मग लखमा आला.

वावर गावचा. शाळेत पहिला. घरी डोंगरउतारावर थोडी नागली, थोडा भात. त्या घरातून, त्या पाड्यातूनही, मॅट्रिक झालेलं कुणी नव्हतं. कॉलेजात नाव घालायला चार दिवस उरले होते. स्कॉलरशिप नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं.

कोट त्याला बरोबर बसला. तिथेच घात झाला!

रावसाहेबांनी त्याला जवळ बोलावलं आणि बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं.

“उंची माल आहे. शिलाई मुंबईची. असा कोट घालणाऱ्याला स्कॉलरशिप कशाला हो? इंदूताई, लिहा. गरज नाही.”

मी टाक उचललाच नाही. “आणि कोटाशिवाय आला असता तर?”

“तर आत आलाच नसता. नियम आहे.”

“मग गरीब मुलाने यायचं तरी कसं?”

काका खोकून म्हणाले, “इंदू! विचारायचं नाही, सांगितलंय ना?”

 लखमाने एकेक बटण सोडलं आणि कोट उतरवला. आत उसवलेली बंडी होती. त्याने कोटाची नीट घडी केली आणि तो रावसाहेबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला, आतला खिसा वर करून. खिशावर शिंप्याची पट्टी होती. पट्टीवर ज्याच्यासाठी कोट शिवला त्याचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं होतं.

“कोट तुमचाच हाय, साहेब,” लखमा म्हणाला. “हेडमास्तर बोलले, कमिटी झाली का परत पेटीत ठेव. पेटीत ठेवू, का तुम्हीच घेता?”

रावसाहेब पट्टीकडे पाहत राहिले.

मी उठले. लखमाचा अर्ज कोटावर ठेवला, त्यावर टाक ठेवला.

“रावसाहेब, ‘गरज नाही’ हे मी लिहिणार नाही. लिहायचंच असेल, तर तुमच्या हाताने लिहा.”

 काकांना खोकलासुद्धा आला नाही.