पितरातलं लुगडं

गिरिधर पौनीकर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. इतवारीत कोणालाही विचाराल तर नेमकं उलटं ऐकायला मिळेल. लोकांचं काय जातं? जिभेला हाड थोडंच असतं.

कापडाच्या ओळीत त्याचं दुकान सगळ्यांत बारकं. एक गादी, दोन कपाटं, आणि विणकरांच्या मागावरून थेट आलेली रेशीमकाठी लुगडी. बायको केव्हाच गेली होती. घरात एकुलती एक पोर, प्रेमिला. नवं लुगडं आलं की पदराच्या मोकळ्या दशा वळून त्यांना गाठी मारायचं काम तिचं. कोपऱ्यातली शेवटची गाठ ती उलटी मारायची, आईनं शिकवली होती तशी. अख्ख्या नागपुरात तशी गाठ दुसरं कोणी मारत नव्हतं. गिरिधर ती गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा. "माह्या पोरीचा हात हाये हा," म्हणायचा. समोरच्या मोठ्या दुकानातला नत्थूजीही ते रोज ऐकायचा.

मंदीचं साल होतं. प्रेमिलाची सोयरीक काटोलच्या एका संत्रेवाल्याच्या घरी ठरली होती, आणि तुळशीचं लग्न झालं की तिचं लग्न. पण आषाढात लग्नसराई संपली आणि दुकान ओस पडलं. भिंतींना ओल आली, लुगड्यांच्या घड्यांवर बुरशीचे ठिपके दिसायला लागले. लग्नाला पैसा पाहिजे, आणि पैसा तर कपाटात सडत होता. भादव्यात पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात कोणी नवं सूतही घरात आणत नाही. पितरांना पान वाढायचं सोडून नटायचं कोणाला सुचेल? सगळी ओळ गादीवर माशा मारत बसायची.

गिरिधरला वाटलं, हीच वेळ. त्यानं डफडंवाला धरला आणि महालापासून इतवारीपर्यंत दवंडी पिटवली, की सर्वपित्रीपर्यंत गिरिधरच्या दुकानी लुगडं अर्ध्या किमतीत.

"बाबा, पितरात नका विकू," प्रेमिला म्हणाली.

"काहून? आता घेऊन ठेवतील, दिवाळीत नेसतील. कपड्याले काय समजते, पितर हायेत का दिवाळी?"

"कपड्याले नाई समजत. बायायले समजते."

पोर शहाणी होती. पण बापाच्या डोक्यात एकदा भूत शिरलं की शिरलं.

आधी कुत्रंही फिरकलं नाही. मग बायका यायला लागल्या. दोघीदोघी, अनोळखी, पैसे कनवटीला तयार. पदर पसरून पाहायचं नाही, भाव पाडायचा नाही, दोनदोन चारचार लुगडी उचलायची आणि चालू पडायचं. अहो, बाई लुगडं घेते आणि घासाघीस करत नाही, हे पाहून दुसरा कापडवाला चार हात दूर सरला असता. हा मात्र हात जोडून लक्ष्मी आली म्हणत राहिला. सर्वपित्रीला कपाटं रिकामी झाली. आलेला सगळा पैसा त्यानं दिवाळीच्या नव्या मालात घातला.

आणि दिवाळीत दुकानाची पायरी कोणी चढलं नाही.

नत्थूजीनं गादीवर बसल्याबसल्या सुपारी कातरत एवढंच म्हटलं होतं, "गिरिधरच्या दुकानात पितर जेवून गेले गा. तिथलं लुगडं नेसलं का मागून कोणी पदर धरते म्हणे." झालं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीच्या घरी कोणाचं तरी मूल तापानं फणफणलं होतं, तेही त्यात आलं. ज्या गिरिधरनं जन्मात कोणाला हातभर कापड कमी मोजलं नव्हतं, त्याच्या दारावरून जाताना बायका पोरांना जवळ ओढायला लागल्या.

बातमी काटोललाही गेली. मुलाची आई यमुताई मोटारीनं आली. चहाला हातही लावला नाही.

"सोयरीक मोडत नाई मी," ती म्हणाली. "पोरगी चांगली हाये. पण लग्नात तिच्या अंगावर तुमच्या दुकानचं सूत दिसलं, तर मांडवातून वरात परत नेईन. लुगडं नत्थूजीकडचं पाह्यजे."

प्रेमिला दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

लुगडं आणायला गिरिधर भर दुपारी गेला, ओळ जेवायला बसलेली पाहून. ज्यानं आपला धंदा बुडवला त्याच्या गादीसमोर उभं राहायचं, म्हणजे जीव नकोसा होतो. नत्थूजी हसून उठला. "या गिरिधरजी, पोरीचं लगन म्हणजे माह्या घरचंच. तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलं हाये." अंजिरी रंगाचं, रुंद काठाचं लुगडं त्यानं समोर ठेवलं. भाव दुप्पट. गिरिधरची मान वर होईना. सारा जन्म दुसऱ्यांना घड्या मोडून दाखवणाऱ्या माणसानं त्या दिवशी घडी मोडून पाहिली नाही. नत्थूजीनं दुकानाचा शिक्का मारलेल्या पिवळ्या कागदात ते गुंडाळून दिलं.

यमुताईनं मांडवात कागदावरचा शिक्का पाहिला आणि तिचा जीव भांड्यात पडला. लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी प्रेमिला बापाच्या पाया पडायला वाकली, आणि वाकल्यावाकल्याच पदराचा कोपरा तिनं त्याच्या पावलावर ठेवला. शेवटची गाठ उलटी होती.

"कागद नत्थूजीचा आणि लुगडं आपलं," ती पुटपुटली. "मलेही पितरातलंच देल्लं, बाबा?"

तेव्हा गिरिधरच्या डोक्यात उजेड पडला. त्या अनोळखी बायका, भाव न पाडणं, काढून ठेवलेलं लुगडं. नत्थूजीनंच सगळा माल उचलवला होता, आणि निवडून हे एक त्याला विकलं होतं. पण बोलणार काय? यमुताई हातभर अंतरावर उभी. तोंडातून शब्द निघाला असता तर वरात पोरीला मांडवातच टाकून गेली असती. पंगतीच्या कडेला नत्थूजी विडा चघळत उभा होता. गिरिधरनं पोरीच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. तिनं त्याच्या हाताखालून डोकं काढून घेतलं.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. सासू पाठवत नाही, असा निरोप यायचा.

शेवटी एकदा गिरिधर स्वतः काटोलला गेला, पोरीला खरं काय ते सांगायचंच असं ठरवून. प्रेमिलानं पाणी दिलं, गूळ दिला, पण एकटी काही सापडली नाही. सापडूच दिलं नाही तिनं. यमुताई समोर पाय पसरून बसली होती. ती कौतुकानं म्हणाली, "जा वं, ते लग्नातलं लुगडं आण. तुझ्या बापाले दाखव."

प्रेमिलानं पेटीतून लुगडं आणलं आणि बापासमोर ठेवलं.

"पाहा, काठाचा रंग अजून जसाच्या तसा," यमुताई म्हणाली. "नत्थूजीचा माल म्हणजे मालच. खरं का नाई?"

प्रेमिला बापाकडे पाहत उभी होती. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"खरं हाये," गिरिधर म्हणाला. "त्याचा माल चांगला राह्यते."

प्रेमिलानं लुगडं उचललं, घडी घातली आणि आत निघून गेली.