खांबांबरोबर हलवलेला सेगुंदो

नोल्बेर्तो आरियागादाला जमीन मागायची कला साधली होती. स्वतःसाठी नव्हे, सरकारसाठी. आमच्या लास कीलासच्या खोऱ्यातून जाणारा हमरस्ता चौपदरी करायचं ठरलं, तेव्हा दोन्ही कडेची जमीन ताब्यात घ्यायची आणि मधे येणारे विजेचे खांब, पाण्याचे नळ, कालवे बाजूला सरकवून घ्यायचे, हे सगळं खातं त्याच्याकडे आलं. त्याच्या आधीचा साहेब राजधानीतून, सान्तियागोहून आला होता. तो गाडीची काच अर्धी खाली करून बोलायचा आणि लोक त्याच्यावर कुत्री सोडायचे. नोल्बेर्तो मात्र इथलाच, दोन नद्या पलीकडचा. फाटकाशी उभा राहून हाक मारायचा, आत बोलावलं की पुढ्यात येईल ते खायचा. चुलीतला गरम पाव, घरचं चीज, सफरचंदाची आंबून गेलेली दारूसुद्धा. तिसऱ्या भेटीपर्यंत जमिनीचा विषयच काढायचा नाही. माणूस तोंडाचा भारी गोड. अशा माणसांपासून जपून राहावं हे आम्हाला कधी कळलंच नाही.

खोऱ्यातली सगळी गाडी अडली होती ती ओर्फेलिनापाशी. ती सुईण. निम्मं खोरं तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे ती सही करते की नाही याकडे सगळ्यांचे डोळे. तिच्या मालकीची रस्त्यालगतची आलुबुखारांची पट्टी जाणार होती. तिचं तिला एवढं काही वाटत नव्हतं. पण पट्टीच्या टोकाला, वळणावर, सेगुंदोची अनिमिता होती.

सेगुंदो तिचा एकुलता एक मुलगा. लग्नाला आलेला. सायकलवरून घरी येताना लाकडाच्या ट्रकने त्याला उडवलं. आमच्याकडे रस्त्यावर अपघातात कुणी गेला की तो पडला तिथेच त्याच्यासाठी कोंबड्यांच्या खुराड्याएवढं घरकुल बांधतात, तीच अनिमिता. देह जातो दफनभूमीत, पण जीव जिथे सुटला तिथेच घुटमळतो. दर सोमवारी ओर्फेलिना तिथे मेणबत्ती लावायची आणि आठवड्याभरात कुणाच्या घरी काय झालं ते त्याला सांगायची.

"मावशी, रस्ता बरोब्बर तिथूनच जातोय," नोल्बेर्तो म्हणाला.

"मग रस्ता सरकव."

"रस्ता कसा सरकेल?"

"खांब सरकतात, नळ सरकतात, आम्ही सरकतो. तुमचा रस्ताच तेवढा लाडका होय रे?"

नोल्बेर्तो हसला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "मी स्वतः हलवीन त्याला. तुम्ही समोर असताना."

"नुसतं घर उचलून नाही चालायचं. तो पडला तिथली माती घ्यायची. मी मेणबत्ती पेटवून पुढे चालणार, त्याला नावाने हाक मारत, नव्या जागेपर्यंत. नाहीतर त्याला कळायचं कसं, आपण कुठे जायचंय ते?"

"शब्द देतो, मावशी."

तिने सही केली. महिना उलटायच्या आत बाकीच्यांनीही केली. वरच्या साहेबांनी नोल्बेर्तोची पाठ थोपटली.

आता गंमत बघा. कचेरीत अनिमितेला कप्पाच नव्हता. ती जमीन नव्हे, राहतं घर नव्हे, पीकही नव्हे. तेव्हा कुणीतरी तिला खांब आणि नळांच्या बरोबर घातलं, आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. म्हणजे ती हलवणार इबार्राची टोळी, खांब हलवणारी. वीज तोडायला एकच दिवस मिळाला होता, कारण दूध थंड ठेवणारे गोठेवाले त्याहून जास्त सोसायला तयार नव्हते. आदल्या संध्याकाळी इबार्राचा फोन आला. "उद्या एका दमात सगळं उरकतो. तुझी ती खुराडीपण."

ओर्फेलिनाचं घर कचेरीपासून जवळ होतं. जाऊन सांगायचं एवढंच. पण नोल्बेर्तोने मनात हिशेब मांडला. म्हातारी येणार, मेणबत्ती लावणार, हाका मारत गोगलगायीच्या चालीने चालणार. तोवर क्रेन खोळंबणार, विजेचा दिवस वाया जाणार, आणि बोल लागणार त्याला. नंतर समजावू, असं म्हणून तो झोपला. आणि त्याला छान झोप लागली, याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

इबार्राची माणसं काही वाईट नव्हती. त्यांनी आपल्या परीने चांगलंच केलं. सेगुंदोचं आणि रस्त्याकडेची इतरांची अशी सगळी घरकुलं उचलली, वर्षानुवर्षं साचलेलं मेण खरवडलं, पांढरा रंग मारला, आणि टोलनाक्याशेजारच्या मोकळ्या जागेत एका ओळीत, खांब रोवतात तशी सारख्या अंतरावर बसवली. प्लॅस्टिकची फुलं आणि सेगुंदोच्या सायकलचं वाकलेलं चाक भंगारात गेलं.

सोमवारी ओर्फेलिना वळणावर गेली, तर तिथे खड्डा होता आणि खडी पडत होती. ती तशीच तडक नोल्बेर्तोच्या कचेरीत आली.

"माझ्या पोराला हाक कुणी मारली?"

"मावशी, जागा बघा तरी. इतकी छान आहे. सावली आहे, पाणी आहे, गाडी लावायला ऐसपैस..."

"त्याच्याकडे सायकल होती," ती म्हणाली, आणि निघून गेली.

रस्ता झाला. फीत कापली, भाषणं झाली. सेगुंदो पडला ती जागा आता दोन रस्त्यांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात आली होती. ओर्फेलिना दर सोमवारी लोखंडी कठड्याखालून वाकून, दोन पदर ओलांडून तिथे जायची. टोलनाक्याजवळच्या त्या पांढऱ्या घरकुलाकडे ती एकदाही फिरकली नाही. ट्रकवाले भोंगे वाजवायचे, शिव्या द्यायचे. तक्रारी गेल्या. उंच जाळीचं कुंपण घालायचं ठरलं. कडेची जमीन नोल्बेर्तोच्या खात्याची, म्हणून सही त्याची लागली. ती त्याने केली.

सांगायला मात्र या वेळी तो गेला, एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. ओर्फेलिना दारातच बसली होती. कुंपणाचे डांब तिने आधीच पाहिले होते.

"तुझ्या गाडीवर तो पिवळा दिवा असतो ना फिरता?" तिने विचारलं.

"असतो."

"म्हणजे तुला रस्त्यात मधे थांबता येतं. कुणी भोंगा मारत नाही तुला. मग सोमवारची मेणबत्ती तू लाव. आणि लावताना त्याला हाक मार. कुंपणापाशी उभं राहून मी तेवढं ऐकीन. दुसरं काही मागत नाही."

नोल्बेर्तोची बदली झाली होती. शनिवारी त्याला उत्तरेकडच्या नव्या टप्प्यावर रुजू व्हायचं होतं. खिशात आदेश होता. "सांगून टाक" असं त्याला आतून वाटलं, नाही असं नाही. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून तोच जुना, खोरंभर जमीन मिळवलेला मऊ आवाज आला.

"लावीन, मावशी. दर सोमवारी."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. रस्त्याचं काम सुरू झाल्यापासून तिने त्याला घरात घेतलं नव्हतं. आज आत बोलावलं, किटली चढवली, पाव कापला, आणि मेणबत्त्यांचा पुडा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला. त्याने पुढ्यात आलं ते सगळं खाल्लं.

सोमवारी ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. पिवळ्या दिव्याची गाडी आली. आत कुणी दुसराच होता, जाळीतून तिला ते कळलं नाही, आणि गाडी न थांबता पुढे गेली. ओर्फेलिनाला वाटलं, वळून येत असेल.